ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पैसे मोजून घ्यावी का?

माडीवरचा स्टुडिओ (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईजवळच्या गावी घराच्या माडीवर माझा लहानसा स्टुडिओ आहे. भजनी मंडळे, नवरात्राच्या आधी आराधी मेळे आणि १४ एप्रिलच्या तोंडावर भीमगीतांचे गायक येतात. वर्षाची बहुतेक कमाई या दोन हंगामांतच होते. काम क्युबेस आर्टिस्ट ११ या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरवर चालते, संगणकावर विंडोज १० आहे आणि परवाना यूएसबी डोंगलमध्ये (संगणकाला लावायच्या चावीसारख्या छोट्या उपकरणात) आहे.

नव्या आवृत्तीची जाहिरात आली की दर वेळी तोच प्रश्न पडतो. एका गाण्याचे दीड-दोन हजार रुपये घेणाऱ्या माणसाने अपग्रेडवर खर्च करावा का? लातूरला मिक्सिंग करणाऱ्या एका स्नेह्यांचे म्हणणे असे की, जुन्या आवृत्तीमुळेच माझ्या गाण्यांचा आवाज ‘उठत’ नाही. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी तांत्रिक माहितीही माझ्याजवळ नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पखवाजप्रेमी (परभणी)

आपल्या स्नेह्यांचे म्हणणे खोडून काढण्यासाठी फार खोलात जावे लागत नाही. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला (आवाज किती बारकाईने टिपायचा याची ही मापे) घेतलेले ट्रॅक एकत्र करताना आजची सगळीच प्रमुख सॉफ्टवेअर आतून ३२ किंवा ६४ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे त्याहून बारीक हिशेबाने, बेरीज करतात. ट्रॅकच्या आवाजाच्या पातळ्या सारख्या ठेवल्या आणि कोणताही प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-सॉफ्टवेअर) लावला नाही, तर क्युबेस ११ मधून निघालेले मिश्रण आणि त्यानंतरच्या आवृत्तीतून निघालेले मिश्रण यांत कानाला फरक कळणार नाही.

आवाज ‘उठत’ नाही याचे कारण बहुधा माडीवरच सापडेल. भजनी मंडळाचे मुद्रण म्हणजे गायकापासून हाताच्या अंतरावर टाळांच्या पाच-सहा जोड्या. कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा संवेदनशील माइक) गायकासमोर ठेवला की टाळांचा किणकिणाट गायकाच्याच ट्रॅकवर बसतो, आणि मग तो काढण्यासाठी इक्वलायझरने सहा ते दहा किलोहर्ट्झचा पट्टा दाबला की टाळांबरोबर गायकाचे ‘स’ आणि ‘श’ही बोथट होतात, शब्द कळेनासे होतात, आणि ऐकणारा म्हणतो की आवाज उठत नाही. कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचे टिपणारा माइक, पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. म्हणून टाळकऱ्यांना माइकच्या पाठीमागे, गायकाच्या समोर बसवावे, गायकाच्या मागच्या भिंतीवर जाड रजई टांगावी आणि शक्य असल्यास गायकाला डायनॅमिक माइक (कमी संवेदनशील, जवळचेच टिपणारा) जवळून द्यावा. संबळासाठीही शुअर एसएम ५७ सारखा साधा माइक पुरतो.

ढोलकीवाल्याला हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो, ही तक्रारही आवृत्तीच्या माथी मारली जाते. संगणक आवाज थोडा थोडा साठवून पुढे देतो, त्या साठ्याला बफर म्हणतात; ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सँपलचा बफर म्हणजे जवळपास सहा मिलिसेकंदांचा उशीर आणि १२८ चा म्हणजे तीन. ही बाब ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे उपकरण) आणि त्याच्या एएसआयओ ड्रायव्हरवर (ते उपकरण कमी उशिराने चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) अवलंबून असते. अपग्रेडचे पैसे आधी माइकमध्ये आणि यूपीएसमध्ये घालावेत. आपल्याकडे वीज कोणत्या टेकला दगा देईल याचा नेम नाही, आणि त्यावर कोणत्याही नव्या आवृत्तीत उपाय नाही.

गोदाकाठ (नांदेड)

आवाजापुरते वरील मत मान्य आहे. निष्कर्ष मात्र मान्य नाही. व्यवसाय करणारा माणूस सॉफ्टवेअरकडून आवाजापेक्षा वेळ विकत घेतो. हंगामात एका दिवशी तीन मेळे दाराशी उभे असतात, तेव्हा गाण्यामागे वाचलेला अर्धा तास म्हणजे रोख रक्कम असते.

एक उदाहरण देतो. दिवंगत गायकाचे जुन्या कॅसेटवरचे गाणे घेऊन घरचे लोक येतात आणि ‘यातला फक्त आवाज ठेवून नवे संगीत द्या’ म्हणतात. हे काम पूर्वी जवळजवळ अशक्य होते. एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ च्या २१.२ आवृत्तीपासून आणि ॲपलच्या लॉजिक प्रोमध्ये मे २०२४ च्या ११ व्या आवृत्तीपासून आवाज आणि वाद्ये वेगळी करण्याची सोय आली. तिच्या मर्यादाही आहेत: अशी साधने मुख्यतः गायन, ड्रम, बेस आणि बाकीचे अशा कप्प्यांत विचार करतात, त्यामुळे पेटी ‘बाकीच्या’त जाते आणि टाळांची झिलई गायकाच्या आवाजाला चिकटून राहते. तरीही घरच्यांचे समाधान होईल इतका आवाज हाती लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या डोंगलची, आणि माझ्या दृष्टीने हीच खरी निकडीची आहे. क्युबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गने २०२२ मध्ये क्युबेस १२ पासून डोंगल सोडून ऑनलाइन परवाना आणला आणि मे २०२५ मध्ये ई-लायसेन्सरची, म्हणजे डोंगलच्या जुन्या परवाना-पद्धतीची, ऑनलाइन सेवा बंद केली. डोंगलमध्ये असलेला परवाना चालत राहतो. परंतु डोंगल मोडले किंवा हरवले, तर तो परवाना परत मिळवण्याची वाट उरलेली नाही. त्यातच विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात डोंगल बंद पडले, तर आलेल्या मेळ्याला काय उत्तर देणार?

तारस्वर (छत्रपती संभाजीनगर)

दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, पण ‘अपग्रेड’ या एका नावाखाली वेगवेगळे व्यवहार येतात आणि ते निरनिराळे तपासावे लागतात.

एफएल स्टुडिओ एकदा घेतला की पुढच्या सगळ्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात. मात्र सर्वांत स्वस्त फ्रूटी आवृत्तीत ध्वनिमुद्रण करता येत नाही, त्यासाठी प्रोड्यूसर घ्यावी लागते. हे न पाहता फसलेले लोक बरेच आहेत. लॉजिकचे अपडेट २०१३ पासून विनामूल्य येत आहेत, पण त्यासाठी मॅक हवा. रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे, तो वर्षाला २० हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या व्यावसायिकालाही चालतो आणि सातव्या आवृत्तीला घेतला तर ८.९९ पर्यंत पुरतो. आपल्यासारख्यांना त्याचा मोठा परवाना घेण्याची गरज नाही. क्युबेसमध्ये प्रत्येक मोठ्या आवृत्तीचे पैसे पडतात, पण मधल्या आवृत्त्या गाळून थेट नव्यावर जाता येते आणि वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी चांगली सवलत निघते. म्हणून दरवर्षी घेण्यात काहीच अर्थ नाही. विदेशी कार्ड-व्यवहाराचे शुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरूनच किंमत मोजावी; जाहिरातीतला आकडा अर्धवट असतो.

मासिक भाड्याच्या योजनांबद्दल मी सावध आहे. ज्याची कमाई दोन हंगामांत होते, त्याने बारा महिने हप्ता का भरावा? मार्च २०२३ मध्ये वेव्ह्ज या प्लगइन बनवणाऱ्या कंपनीने ते केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले, तेव्हा वापरकर्त्यांनी इतका विरोध केला की काही दिवसांतच कायमची खरेदी पुन्हा सुरू करावी लागली. धोरण एका सकाळी बदलू शकते, हे त्यातून दिसले.

आपल्या बाबतीत माझे मत असे: डोंगलमुळे एकदा अपग्रेड घ्यावा, तोही सवलतीत आणि हंगाम संपल्यावर. पुढची चार-पाच वर्षे मग त्या जाहिरातींकडे पाहू नये.

माडीवरचा स्टुडिओ (अंबाजोगाई)

सर्वांचे आभार. डोंगलच्या बाबतीत मी इतका विचार केला नव्हता. एकच शंका उरते: त्याऐवजी रीपरकडे वळलो, तर जुन्या गाण्यांचे काय होईल? काही मंडळे दरवर्षी त्याच गाण्यात नवे कडवे घालून घेतात.

तारस्वर (छत्रपती संभाजीनगर)

क्युबेसचा प्रकल्प रीपरमध्ये थेट उघडत नाही. डोंगल चालू आहे तोवर, ज्या गाण्यांची पुन्हा गरज पडण्याचा संभव आहे तेवढ्यांचे सगळे ट्रॅक एकाच शून्य बिंदूपासून २४ बिट डब्ल्यूएव्हीमध्ये (कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या ध्वनी-फाइलमध्ये) काढून ठेवावेत. गायकाचा ट्रॅक प्लगइन न लावता एकदा आणि लावून एकदा, असा दोनदा काढावा, कारण प्लगइनच्या मांडण्या पलीकडे जात नाहीत. टेम्पोचा नकाशा, म्हणजे गाण्यात लय कुठे किती आहे याची नोंद, मिडी फाइलमध्ये वेगळा काढता येतो. भजनात लय वाढत जाते, त्यामुळे तो नसेल तर नवे कडवे जोडताना फार त्रास होतो. फोल्डरच्या नावातच पट्टी लिहावी, काळी चार की पांढरी पाच. पुढच्या वर्षी पेटीवाला दुसरा असतो आणि त्याला ते आठवत नाही.