मदत हवी आहे: धन्याच्या फुलोऱ्यावर मावा, दोन फवारण्या होऊनही हटेना (विटा भाग)

येरळाकाठ:
नमस्कार मंडळी. धने १ एकर, मध्यम काळी जमीन, पेर १८ नोव्हेंबरची. आज ६२ दिवस झाले, निम्म्या रानात छत्र्या (फुलांचे गुच्छ) उमलल्यात. ३० व्या दिवशी युरिया १ बॅग टाकला. ४७ व्या दिवशी सायपरमेथ्रिन असलेलं मिश्रण, ५४ व्या दिवशी थायामेथोक्झाम. दोन्ही वेळा तीन-चार दिवस रान साफ दिसलं, आता छत्रीच्या दांड्या मुंगीला जागा नाही इतक्या भरल्यात. खालच्या पानांवर पांढरं काहीतरी आहे, भुरीपण (बुरशीचा रोग) आली का? मुंगळेही चढतायत. दुकानदार म्हणतो, तिसरी 'कडक' मारा.

माणदेशी_बांध:
मोनो २ मिली प्रतिलिटर. एका दिवसात काम.

अग्रणी_खोरं:
मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे आणि कोथिंबीर भाजीच आहे. शिवाय रान फुलात आहे. धन्याचा दाणा भरायला मधमाशी लागते. माशी मेली तर मावा जाऊनही छत्र्या पोचट राहतील.

येरळाकाठ, मावा परत का येतो ते आधी बघा. धन्यावरच्या माव्याची मादी अंडी घालत बसत नाही, नराशिवाय थेट पिल्लं घालते. पिल्लू चार वेळा कात टाकतं आणि अशा थंड, ढगाळ हवेत साधारण आठवड्यात स्वतः पिल्लं घालायला लागतं. एका छत्रीत ५ माद्या वाचल्या आणि रोज ३-३ पिल्लं धरली, तरी सात दिवसांत शंभरावर. तुमची 'तीन-चार दिवस साफ' ही या हिशोबातलीच गोष्ट आहे.

फवारणीतून मावे का वाचतात? या माव्याच्या अंगावर मेणासारखी पांढुरकी पूड असते, पाणी गोळी होऊन घसरतं. बसतो तो छत्रीच्या काड्यांच्या बेचक्यात आणि खालून. फवारा वरून गेला तर फुलं भिजतात, मावा कोरडा. त्यात पायरेथ्रॉइडने (तुमच्या सायपरमेथ्रिनने) मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आणि सिरफिड माशीच्या अळ्या संपवल्या. मावा आठवड्यात भरून येतो, ढालकिड्याला एका पिढीला तीन-चार आठवडे लागतात. युरियाने कोवळी, रसाळ वाढ दिली ती वेगळीच.

भुरीचं: बोटाने चोळा. पिठासारखं पसरलं तर भुरी. फुंकर मारल्यावर उडालं आणि भिंगातून पाय-मिशांसकट रिकामी कात दिसली, तर ती माव्याची कात. ती वरून गळून खालच्या चिकट पानांवर अडकते. कातीवर भुरीचं गंधक मारून पैसे घालवणारे बरेच असतात.

येरळाकाठ:
चोळून बघितलं. उडतंय, कातच आहे. मग आता नेमकं काय मारू?

अग्रणी_खोरं:
आधी मोजा, मग मारा. रानात नागमोडी चालत २० झाडं घ्या, बांधाकडची वेगळी, आतली वेगळी. प्रत्येक झाडाची एक छत्री पांढऱ्या कागदावर झटका. तीन गोष्टी शोधा: राखाडी-काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी ढालकिड्याची अळी (हिलाच किडा समजून लोक मारतात), बिनपायाची हिरवट, जळवेसारखी सिरफिडची अळी, आणि फुगून तपकिरी, कागदासारखे झालेले मावे. त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते. पाठीवर गोल भोक असेल तर माशी बाहेर पडली. हे न हलणारे मावे झटकून पडत नाहीत, काडीवरच मोजा.

शिवारपाणी (कोरेगाव):
मध्येच सांगतो, फवाऱ्यात साबण घालणार असाल आणि बोअरचं जड पाणी असेल तर साबण फाटतो, वर दह्यासारखी साय येते आणि नोझल तुंबतो. पंपाला टेंभू योजनेच्या कालव्याचं पाणी वापरा.

येरळाकाठ:
मोजलं. आतल्या भागात २० छत्र्यांत मावा अंदाजे २५०, ढालकिड्याच्या अळ्या १४, जळवेसारख्या ६, तपकिरी फुगलेले ४० च्या आसपास. बांधाकडच्या दहा ओळींत मावा हजाराच्या वर, अळ्या २, मुंगळे भरपूर.

अग्रणी_खोरं:
मग आतल्या रानाला हात लावू नका. तिथे मित्रकीटक पुढे आहेत. चार दिवसांनी पुन्हा मोजा.

बांधाकडच्या दहा ओळींपुरता ५ टक्के निंबोळी अर्क. १०० लिटरला ५ किलो निंबोळी पावडर. जूनमध्ये वेचून सावलीत वाळवलेली, काळी न पडलेली घ्या. वर्षभर पडून राहिलेलीत दम राहत नाही. पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून फडक्यातून दोनदा गाळा, २०० ग्रॅम साबण वेगळ्या पाण्यात विरघळवून घाला आणि १०० लिटर करा. अर्क त्याच दिवशी संपवा. धुण्याची पावडर नको, फुलं करपतात. आधी चार झाडांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा.

फवारणी सूर्य कलल्यावर, माश्या पोळ्याकडे परतल्यावर; उन्हाने अर्काचा गुणही उतरतो. पोकळ शंकूचा नोझल, लान्स (पंपाची दांडी) कमरेखाली धरून तोंड वर. छत्रीच्या काडीवरून थेंब ओघळला पाहिजे. निंबोळीने मावा लगेच मरून पडत नाही, कात टाकताना अडकतो. दुसऱ्या दिवशी जिवंत दिसला म्हणून घाबरून दुसरं औषध ओतू नका. सातव्या दिवशी हीच फवारणी पुन्हा.

सकाळी धुकं-दव पडत असेल तर दुसऱ्या फवारणीला लेकॅनिसिलियम लेकॅनी ५ ग्रॅम प्रतिलिटर, संध्याकाळीच. ही बुरशी आहे, ओलीशिवाय रुजत नाही, आणि बुरशीनाशकाच्या आगेमागे मारली तर फुकट. कोरडं ऊन असेल तर निंबोळीच बरी.

मुंगळे माव्याच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. बांधावरची त्यांची वारुळं खुरपून उकरा, खोडाला टेकलेलं तण काढा.

युरिया आता बंद.

येरळाकाठ:
शेवटचं. कडेचे दोन वाफे पाल्यासाठी ठेवलेत, अजून फुलावर नाहीत. जुड्या बांधू का?

अग्रणी_खोरं:
५४ व्या दिवशी थायामेथोक्झाम त्या वाफ्यांवरही गेलं का? गेलं असेल तर नका. ते आंतरप्रवाही आहे, पानाच्या रसात असतं, धुऊन जात नाही. डब्यावर तुमचं पीक आणि काढणीआधी थांबायचे दिवस लिहिलेत का ते बघा. पिकाचं नावच नसेल तर ते वाफे धन्यालाच सोडा.

येरळाकाठ:
सगळीकडे मारलं होतं. डब्यावर कापूस आणि भात आहे, कोथिंबीर नाही. धन्यालाच सोडतो.