शहरातला वेग, स्पीड गन आणि चलान : नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. धागा काढायला कारण झालं एक चलान. गेल्या महिन्यात मोबाईलवर मेसेज आला. उघडलं तर गाडीचा फोटो, वेळ सकाळी ७ वाजून १२ मिनिटं, वेग ५८, मर्यादा ४०, दंड २,००० रुपये. गाडी माझीच आणि चालवतही मीच होते, मुलाची शाळा साडेसातची. आधी संताप आला. सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर ५८ म्हणजे असा काय गुन्हा, असं घरात दोन दिवस बोलत होते. सासूबाई ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर देवळात चल. चालत."

देऊळ त्याच रस्त्याच्या पलीकडे. अर्धा रस्ता ओलांडून आम्ही दोघी दुभाजकाच्या फटीत उभ्या राहिलो. फट जेमतेम दीड फुटाची. गाडी गेली की त्यांचा पदर उडायचा. त्यांच्या एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हाताने त्यांनी माझं मनगट घट्ट धरलेलं. पलीकडे पोचेपर्यंत तांब्यातलं निम्मं पाणी सांडलं होतं. त्या म्हणाल्या, "रोज एवढंच उरतं." बारा वर्षं त्या तिथून जातात आणि मी त्यांना कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

दंड भरला. आता तुमचं ऐकायचं आहे. चलान आलं असेल, पोलिसांनी अडवलं असेल, अपघात झाला असेल, गल्लीत गतिरोधक बसवायला झगडला असाल, सगळं लिहा. फक्त स्वतःचं लिहा, ऐकीव नको. कुणाचं नाव किंवा गाडीचा नंबर टाकू नका.

रिक्षाचालक, नाशिकरोड

ताई, स्टेशनचं पहाटेचं भाडं म्हणजे "दादा, जरा दाबा, गाडी चुकेल." बावीस वर्षं हेच ऐकतोय. तीनचाकीला महापालिका हद्दीत जास्तीत जास्त ५० ही मर्यादा केंद्राने २०१८ मध्ये ठरवली. पण खरं सांगतो, भरलेली रिक्षा वळणावर पन्नासला उचलते, हँडल हातात हलकं लागतं. जेल रोडला एकदा कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि रिक्षा कलंडली. मागे आजी-आजोबा होते. आजोबांच्या कोपराला सहा टाके पडले. दवाखान्याचा खर्च मी केला, पण आजी सारखं म्हणत होत्या, "आम्हीच घाई केली हो." ते अजून कानात आहे. तेव्हापासून पस्तीसच्या वर जात नाही. कुणी रागावून उतरलं तर उतरू देतो.

डिलिव्हरीचं काम करतो, कॉलेज रोड

मला एका आठवड्यात दोन चलान आली, हजार हजारची. दोन दिवसांची कमाई गेली. मग मी मोजायलाच घेतलं. कॉलेज रोडवरून इंदिरानगरची ऑर्डर, रस्ता तोच, वेळ संध्याकाळचीच. पंचावन्नने हाणली तेव्हा १७ मिनिटं लागली, चाळिसाच्या आत ठेवली तेव्हा १९. पुढे जाऊन त्याच सिग्नलला त्याच गाड्यांच्या शेजारी उभं राहावं लागतं. फरक दोनच मिनिटांचा, पण ती दोन मिनिटं उशीर म्हणून अ‍ॅपवर दिसतात आणि दारात ग्राहक मोबाईल पुढे करून दाखवतो. चलान माझ्या नावावर येतं. घाई कुणाची होती याचा रकाना त्यात नसतो. तुम्ही मागवता तेव्हा खाली एक ओळ टाकत जा, "सावकाश या". एका काकूंनी टाकली होती. तो स्क्रीनशॉट मी जपून ठेवलाय.

निवृत्त, अंबडला टूलरूममध्ये होतो. राहणार इंदिरानगर

ताई, तुमचे ४० आणि ५८ घेऊन बसलो. फरक अठराचा वाटतो, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती दुपटीच्या वर जाते. ३० चे ६० केले तर चौपट. ताशी ३० ला गाडी सेकंदाला ८ मीटर जाते, ६० ला जवळजवळ १७. समोरचं माणूस दिसून पाय ब्रेकवर यायला साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे साठची गाडी ब्रेक लागायच्या आधीच आमच्या गेटपासून दुधाच्या बूथपर्यंत पोचलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय की धडकेचा वेग ५० वरून ६५ झाला तर पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो. पंधराच किलोमीटरचा फरक आहे हा.

आता माझी तक्रार. मलाही चलान आलं. जिथे आलं तिथली मर्यादेची पाटी करंजाच्या फांदीआड झाकलेली होती. मोटार वाहन नियमांत २०२१ पासून १६७ अ हा नियम आहे. कॅमेऱ्याने वेग पकडायचा असेल तर वाहनचालकाला दिसेल असा इशाऱ्याचा फलक आधी हवा आणि नोटीस १५ दिवसांत यायला हवी. मी पाटीचा फोटो काढून महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार टाकली. ती अजून प्रलंबित आहे. फांदी मात्र सोसायटीच्या माळ्याला घेऊन जाऊन छाटून घेतली. दंड गेला तर जाऊ दे, पण पुढच्याला पाटी दिसली पाहिजे.

लेखानगर

लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं.

माझा धाकटा भाऊ २०१९ मध्ये गेला. रात्री साडेनऊला आईचं औषध आणायला उड्डाणपुलाखालचा सर्व्हिस रोड ओलांडत होता. फिर्यादीत जे वाक्य असतं तेच होतं, "हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने". ते वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता त्याचे शब्द सुटे सुटे दिसतात. भरधाव म्हणजे किती? साठ? नव्वद? कुणी मोजलेलंच नव्हतं. रस्त्यालगतचा रसवंतीवाला साक्षीला आला, बिचारा धंदा बंद ठेवून आला. म्हणाला, "लई जोरात होती साहेब." समोरच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे नेमकी किती?" तो गप्प झाला आणि माझ्याकडे बघायला लागला. मोटार वाहन कायद्याच्या वेगमर्यादेच्या कलमातच आहे, १८३ मध्ये, की वेग जास्त होता असं एका साक्षीदाराला नुसतं वाटलं म्हणून दोषी धरता येत नाही, त्याला यंत्राचा आधार लागतो. आमच्या वकिलांनी ते मला समजावून सांगितलं. मला कायद्याचा राग नाही. उद्या माझ्यावरही कुणी नुसत्या अंदाजाने बोट ठेवू नये.

पण त्याची एक चप्पल जिथे तो पडला तिथे होती आणि दुसरी पलीकडे, छत्तीस पावलांवर. ती पावलं मी मोजली होती. कोर्टात पावलं कुठे सांगायची ते मला कळलं नाही.

तुमच्या चलानावर ५८ असं छापलेलं आहे ना ताई, ते वाचून माझ्या मनात एवढंच आलं की तुमचा आकडा कुणीतरी लिहून ठेवला, आणि काही व्हायच्या आधी लिहून ठेवला.

धागाकर्ती

ताई, तुमचं लिहिणं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या उठून आत गेल्या. मी आज दुसरं काही लिहू शकत नाही.

निवृत्त वाहतूक पोलीस, आडगाव

स्पीड गन घेऊन मी चार वर्षं उभा राहिलो. लोकांना वाटतं बटण दाबलं की चलान. लेझर नेमका एका गाडीवर, जमलं तर नंबर प्लेटवरच धरावा लागतो आणि त्यासाठी समोर सरळ, मोकळा पट्टा लागतो. म्हणून आम्ही रुंद रस्त्यांवर दिसतो, आणि माणसं मरतात त्या गल्लीबोळात, शाळांच्या दारात, चौकात आम्ही नसतो. हे मला नोकरीभर टोचत राहिलं.

आम्ही झाडामागे लपतो म्हणतात. मे महिन्यात आठ तास डांबरावर उभं राहिल्यावर झाडाची सावली लागतेच. मी मात्र दिसेल असाच उभा राहायचो. चालक मला बघून दोनशे मीटर हळू जायचे आणि पुढे पुन्हा तेच, समोरून येणाऱ्यांना दिवे मारून सावध करायचे. अडवलं की पहिलं वाक्य, "साहेबांशी बोला," आणि फोन पुढे. कधी कधी मी तो घेतलाही आणि गाडी सोडली. त्याची आज लाज वाटते. लेखानगरच्या ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून सोडलेल्या त्या गाड्या आठवल्या.

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर बस पेटून १२ माणसं गेली, तेव्हा सगळ्या शहराने वेगाबद्दल बोलायला सुरुवात केली होती. ते बोलणं दर सोमवारी का होत नाही?

पाथर्डी फाटा

आमच्या कॉलनीत एका स्कूटरने पाच वर्षांच्या मुलीला उडवलं. मुलगी वाचली, हात मोडला. त्याच रात्री आम्ही आठ-दहा जणांनी सिमेंट-खडी आणून रस्त्यावर उंचवटा घातला. रंग नाही, पाटी नाही. तिसऱ्या पहाटे पेपर टाकणारा मुलगा त्यावरून सायकलसकट पडला. हनुवटी फाटली, दोन दात गेले. ते आमच्या हातून झालं. खर्च वाटून घेतला, पण दात कुठून आणणार? उंचवटा आम्हीच फोडला. मग रीतसर अर्ज केला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असतो, ताशी २५ ने गेलं की धक्का बसत नाही. सात महिने खेटे घातल्यावर तो झाला, पांढरे पट्टे, आधी पाटी. आता तिथे कुणालाही उभं करावं लागत नाही, दिवसरात्र गाड्या हळूच जातात. पेपरवाला तोच मुलगा आहे.

गंगापूर रोड, मुलगी कार्डिफला असते

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, म्हणजे कार्डिफकडे, सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैल झालं, म्हणजे आपले ३२ किलोमीटर. आधी ३० मैल होतं. तिथेही लोक खवळले, विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या. आम्ही तिथे होतो तेव्हा जावयांना जास्त वेगाबद्दल पत्र आलं. १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ दंडाचे गुण, नाहीतर पैसे भरून वर्गाला बसा. ते वर्गाला बसले. बाहेर आल्यावर जेवताना मला विचारलं, "बाबा, आपल्या गल्लीत मुलं किती वाजता बाहेर येतात?" त्यांनी हे याआधी कधी विचारलं नव्हतं. आपल्याकडेही २०२१ मध्ये 'नो हेल्मेट, नो पेट्रोल'च्या वेळी विनाहेल्मेट लोकांना ट्रॅफिक पार्कमध्ये समुपदेशनाला बसवलं होतं. वेगासाठीही तसं करावं. पैसे असलेल्याला २,००० काही जाणवत नाहीत, दोन तास जाणवतात.

गॅरेज, द्वारका

एक कामाची गोष्ट. हौसेने मोठे टायर बसवता, तेव्हा काटा ५० दाखवतो आणि गाडी ५० च्या वर पळत असते. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त अंतर जातं. बसवायला येता तेव्हा मी सांगतो, दहातले नऊ ऐकत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचं दोनदा वाचलं. इंदिरानगरच्या काकांशी बोलले. येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही काही जण मुंबई नाक्यापासून चालत निघतोय. मर्यादेच्या ज्या पाट्या झाकल्यात, वाकल्यात किंवा मुळात नाहीतच, त्यांचे फोटो आणि जागा लिहून घ्यायच्या आणि यादी रीतसर द्यायची. निवृत्त पोलीसदादा येतो म्हणाले. लेखानगरच्या ताई, वाट तुमच्याकडूनच घ्यायची का? तुम्ही नको म्हणालात तर दुसरीकडून जाऊ.

लेखानगर

इकडूनच या. मी रसवंतीपाशी उभी असेन.

डिलिव्हरीचं काम करतो, कॉलेज रोड

मीपण येतो. रविवारी नऊपर्यंत ऑर्डर कमी असतात. माझ्याकडे चमकणारी तीन जॅकेटं आहेत, पुढे चालणाऱ्यांना देतो.