सोसायटी ग्रुप : चित्राखाली किंमत लावायची की नाही?

सेक्रेटरी काका: सर्वांना नमस्कार. बेळगावात टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाची के. बी. कुलकर्णी आर्ट गॅलरी आहे, तिथं आपल्या प्रदर्शनाला दिवाळीनंतर तीन दिवस मिळतील असं दिसतंय. शुक्रवार ते रविवार. आपल्या बिल्डिंगमधले सर, ताई आणि काकू असे तिघं मिळून लावणार. बाकीच्यांनी यायचं आणि येताना पाहुणेही आणायचे. पार्किंगचा विषय आज नको.

तळमजला: काका, पण ती लाल गाडी परत माझ्या शटरसमोर.

सेक्रेटरी काका: नको म्हटलं ना.

४०२ अण्णा: एक नोव्हेंबरच्या आसपास धरू नका. कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, चन्नम्मा सर्कल गच्च. त्या दिवशी टिळकवाडीत चित्र बघायला कोण पोचणार?

सेक्रेटरी काका: बरोबर. महिन्याचा मधला आठवडा मागतो.

सर (१०४): माझी आठ-नऊ होतील. सगळी वॉटरकलर. निम्मी राजहंसगडावरची, पावसाळ्यातली. त्या दिवसांत तिथं काम करायचं म्हणजे कागदाशी भांडण. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, टाकला की तो वाळतच नाही. आभाळ आणि डोंगर यांच्यामध्ये एक कोरडी कड लागते, ती मिळत नाही, आभाळ खाली डोंगरात उतरतं. पूर्वी गाडीच्या हीटरसमोर कागद धरून बसायचो. आता उतरू देतो. ढगाचा खालचा काठ तसाच सोडायचा आणि पुढची झाडं, तटाचे दगड घरी येऊन कोरड्यावर घ्यायचे.
बाकीची खानापूर भागातल्या कौलारू घरांची. कौल लाल असतं असं आपण शाळेपासून रंगवतो. पावसात जाऊन बघा. शेवाळ धरलेली बाजू काळी-हिरवी, आणि नुकतं बदललेलं कौल तेवढं भगवं उठून दिसतं. मी छपरावर लाल रंग जवळजवळ लावतच नाही, त्या एका कौलापुरता ठेवतो.

३०३ वहिनी: सर फोटो टाका की 😍

सर (१०४): नको. फोटो बघितला की माणूस येत नाही. "बघितलं की ग्रुपवर" म्हणतो.

३०३ वहिनी: 😂 खरं आहे

ताई (२०३): माझे लिनोकट्स. विषय बाजाराचाच आहे, गणपत गल्ली आणि खडेबाजारची सकाळ. दुकानं उघडायच्या आधीची, शटर बंद, फळीवर झोपलेलं मांजर. मोठ्या आकाराचे चार, लहान सहा-सात.
आणि आधीच सांगते, खाली पेन्सिलीनं ३/१५ लिहिलेलं असेल. मागच्या वेळी निम्म्या लोकांनी विचारलं, पंधरा मार्कांपैकी तीन मिळाले काय.

तळमजला: म्हणजे काय असतं ते? मलाही वाटलं मार्कच.

ताई (२०३): एका ब्लॉकवरून पंधराच छाप काढायचे ठरवलेत, त्यातला हा तिसरा. लिनोलियमचा तुकडा उलटा कोरायचा, जे पांढरं हवं ते काढून टाकायचं. मग रोलरनं शाई, वर कागद, आणि चमच्याच्या पाठीनं घासून छाप उठवायचा. माझ्याकडे प्रेस नाही, चमचाच आहे. एका मोठ्या छापाला तास-दीड तास हात चालतो. पंधरा झाले की ब्लॉकवर आडवी रेघ मारून तो बाद करते, म्हणजे सोळावा निघूच नये.

तळमजला: अच्छा. म्हणजे झेरॉक्स नव्हे.

ताई (२०३): काका, हा शब्द त्या तीन दिवसांत गॅलरीत काढायचा नाही 🙏

काकू (३०१): मी काय म्हणते, माझं नाव त्यात घालू नका. तुम्ही दोघं शिकलेले चित्रकार. माझं काय, टाके. ते भिंतीवर लावून लोकांना काय दाखवायचं?

४०२ अण्णा: काकू असं बोलू नका. आमच्या धारवाडला कसूतीचं भरतकाम म्हणजे घरातली मोठी वस्तू. आमच्या अव्वाच्या इरकल साडीच्या पदरावर गोपुर, तुळशीवृंदावन, हत्ती, सगळं होतं. कागदावर नकाशा नाही, काही नाही. नुसते धागे मोजून.

सर (१०४): अण्णा बरोबर बोलतायत. काकू, तुम्ही तो गोपुराचा तुकडा मला दाखवला होता, काळ्या खणावरचा. त्यातली मोकळी जागा कशी सोडलीय ते माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला हवं होतं.

काकू (३०१): ती गवंती आहे, कसूतीचा एक टाका. एकदा पुढं जायचं, एक आड एक टाका घालत. मग त्याच वाटेनं परत यायचं आणि राहिलेल्या जागा भरायच्या. गाठ कुठंच मारायची नाही. म्हणून पुढून मागून सारखंच दिसतं. मुरगीचंही तसंच, फक्त ती पायऱ्या पायऱ्यांनी जाते. नेगी आणि मेंथी हे टाके मात्र दोन्ही बाजूंनी सारखे येत नाहीत.

ताई (२०३): थांबा. दोन्ही बाजूंनी सारखं असेल तर ते फ्रेममध्ये भिंतीला चिकटवून आपण अर्धं काम झाकतोय.

काकू (३०१): मग?

ताई (२०३): दोन काचांच्या मध्ये धरायचं आणि हॉलच्या मधोमध टांगायचं. माणसानं गोल फिरून बघायचं. मागं पुठ्ठा नको.

सर (१०४): वा. पण कापड काचेला टेकता कामा नये. कडेनं बारीक पट्टी घालून अंतर ठेवायला सांगा. आपल्याकडच्या पावसात काचेच्या आत दमट धरतं आणि बुरशीचे ठिपके येतात. कागदाचं तेच. माझी दोन जुनी चित्रं अशीच गेली. आणि माउंटबोर्ड स्वस्तातला घेऊ नका कुणी. आम्ल असलेला पुठ्ठा काही वर्षांत स्वतः पिवळा पडतो आणि चित्राची कडही पिवळी करतो.

३०३ वहिनी: काकू आता नाही म्हणू नका. हॉलच्या मधोमध म्हणजे मेन तुम्हीच 😄

काकू (३०१): बघते. नातीला विचारते.

सेक्रेटरी काका: काकूंचं नाव घातलं. आता बॅनर. वर कन्नड, खाली मराठी, नाहीतर लावल्या दिवशीच काढायला लागेल. अण्णा, कन्नड मजकूर तुम्ही तपासायचा.

४०२ अण्णा: पाठवा. दहा मिनिटांत करून देतो.

ताई (२०३): आता मुद्द्याचं. चित्राखाली किंमत लावायची. मागच्या वेळी सरांनी लावू दिली नाही आणि किती लोक विचारायला संकोचून गेले ते मी दारात उभी राहून बघितलंय.

सर (१०४): किंमतीचं लेबल लागलं की माणूस आधी लेबल वाचतो. मग चित्र त्या आकड्याच्या चष्म्यातून बघतो. एवढ्याशा कागदाचे एवढे? झालं, संपलं. विचारायला आला तर दोन शब्द बोलता तरी येतात.

ताई (२०३): सर, येतच नाहीत हो. आपल्या गावचा माणूस किंमत विचारायला लाजतो. विचारलं आणि घेतलं नाही तर आपल्याला कमी लेखतील असं त्याला वाटतं. म्हणून तो "छान आहे, छान आहे" करत चहा पिऊन जातो.

तळमजला: मी तसाच गेलो होतो. मला ते डोंगराचं एक पाहिजे होतं. वाटलं पन्नास हजार असेल.

सर (१०४): कुठलं?

तळमजला: ढग खाली आलेलं, कोपऱ्यात म्हैस.

सर (१०४): ते सहा हजारांचं होतं.

तळमजला: बघा की मग!! तेव्हाच घेतलं असतं.

ताई (२०३): अजून काय पुरावा पाहिजे सर 🙂

सर (१०४): ठीक. पण चित्राला चिकटून नको.

पुतण्या (४०२): बेंगळुरात चित्रकला परिषदेच्या चित्र संतेत मी दोनदा गेलोय. जानेवारीत असते, २००३ पासून चालू आहे. कुमारकृपा रोड पूर्ण बंद करतात, कलाकार रस्त्यावरच चित्र मांडून बसतात. बहुतेकांकडं किंमत लिहिलेली असते, शे-पाचशेपासून लाखापर्यंत. घासाघीस पण चालते. कुणाला काही कमीपणा वाटत नाही.

ताई (२०३): मी या जानेवारीत अर्ज करतेय. चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघायचं, प्रिंट ट्यूबमध्ये गुंडाळून. लिनोकटचा तेवढा फायदा. सरांची काचेची फ्रेम रेल्वेत नेऊन दाखवा.

पुतण्या (४०२): 😂 ये की. रूम माझी आहे.

३०३ वहिनी: मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीत का नाही लावत पण? तिथं मोठे लोक येतात.

सर (१०४): वहिनी, जहांगीर १९५२ ची. तिथं अर्ज करायचा, समितीनं काम बघायचं, आणि पास झालं तरी नंबर यायला वर्षं जातात. मी म्हणतो जरूर करा अर्ज, ताईनं तर करायलाच हवा. पण नंबर येईपर्यंत काम कुणाला दाखवायचं? के. बी. सरांनी इथंच राहून शिकवलं, निसर्गचित्रं केली, पोर्ट्रेट्स केली. रवी परांजपे १९३५ साली इथंच जन्मले, के. बी. सरांचेच विद्यार्थी. पुढं मुंबई-पुणे, परदेश, इलस्ट्रेशनमध्ये एवढं मोठं नाव. २०२२ ला गेले. पण हात बसला तो इथं. ज्या गॅलरीला के. बी. सरांचं नाव आहे, तिथं टांगायचं म्हणजे मला जहांगीरपेक्षा जास्त भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

ताई (२०३): खासगी गॅलरीत विकलं गेलं तर तिसरा हिस्सा, कधी निम्मं त्यांचं. इथं भाडं वाटून घेतलं की सुटलो. हाही हिशेब आहे सर, नुसतं के. बी. सरांवर ढकलू नका.

सर (१०४): मान्य 😀

सेक्रेटरी काका: किंमतीचं काय ठरलं ते एका ओळीत सांगा. मला छापायला द्यायचंय.

ताई (२०३): चित्राशेजारी फक्त नंबर, नाव, माध्यम, माप. टेबलावर छापील यादी, त्यात नंबरासमोर किंमत. येणाऱ्यानं यादी हातात घेऊन फिरायचं, कुणाला विचारायची गरज नाही. विकलं की नंबराशेजारी लाल टिकली.

सर (१०४): यादीला हरकत नाही. यादी उघडेपर्यंत तरी तो चित्र बघेल.

काकू (३०१): माझ्यासमोर "विक्रीसाठी नाही" लिहा. गोपुर मी कुणाला देणार नाही. बाकी दोन लहान आहेत, मोराचे, ते लावा किंमत.

४०२ अण्णा: मोरातला एक माझा. आत्ताच टिकली लावा.

काकू (३०१): अण्णा किंमत तर ऐका आधी.

४०२ अण्णा: यादीत बघतो.

सेक्रेटरी काका: गॅलरीत भिंतीला खिळे मारायचे नाहीत, वरून तार किंवा साखळी सोडायची. दोन फुटी, चार फुटी दोन्ही तारा लागतील. गुरुवारी संध्याकाळी टांगायचं काम. पोरांनी यायचं.

सर (१०४): चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास. मागच्या वेळी पोरांनी फ्रेमचा वरचा काठ एका रेषेत घेतला, लहान चित्रं पार डोक्यावर गेली. मध्य एका रेषेत घ्यायचा. टेप मी आणतो.

पुतण्या (४०२): गुरुवारी मी बेळगावातच आहे. काकूंचं काचेचं मी धरतो, ते कुणा दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

सेक्रेटरी काका: शिडी लागेल, दहा फुटी. आपली सोसायटीची पाण्याच्या टाकीपाशी असायची, ती दिसत नाहीय. कुणी नेलीय?

तळमजला: माझ्याकडं आहे. पण ती लाल गाडी हलली तरच शटर उघडेल.