शब्दचर्चा: छाटकलमात ‘कलम’ कुठून आलं?

मूळ प्रश्न
मी टोरांटोत राहते. ऑक्टोबरात थंडी सुरू झाली तशी जास्वंदीची कुंडी घरात घेतली आणि छाटणीतल्या दोन फांद्या ग्लासभर पाण्यात खिडकीशी ठेवल्या. तीन आठवड्यांनी पेराजवळ पांढऱ्या पुळ्या दिसल्या. आईला फोनवर म्हटलं, “कटिंगला रूट्स येतायत.” ती म्हणाली, “फांदीला मुळ्या सुटल्या म्हण की!” तर मंडळी, ‘कटिंग’ला काय म्हणावं? पुस्तकांत ‘छाटकलम’ दिसतं. पण कलम म्हणजे दोन झाडांची जोड ना? इथे जोड कुठाय?

प्रतिसाद
जोडीचा अर्थ आपल्या डोक्यात आंब्याने बसवलाय. अरबीत कलम म्हणजे बोरूची लेखणी. शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि फारसीत ‘कलम करणे’ म्हणजे छाटणे. म्हणून तर मराठीत शिरही कलम होतं. बोरू तिरका कापून टोक काढतात, तुम्ही जास्वंदीची काडीही तशीच तिरकी कापली असणार. म्हणजे कलमात कापणं आहेच, जोड असेलच असं नाही. दाब कलमात तर फांदी वाकवून मातीत दाबतात, मुळ्या फुटेपर्यंत ती झाडालाच असते. (मोगऱ्याला हे करून बघा, शेजारच्या कुंडीत फांदी दाबायची.) खरं तर ‘छाटकलम’ म्हणजे पिवळा पीतांबर. पण रूढ झालंय, राहू दे.

प्रतिसाद
आमच्या कोकणात कलम म्हणजे अख्खं झाडच. “बागेत चाळीस कलमं आहेत” म्हटलं की हापूस समजायचा. कोयीपासून आपसूक वाढलेला तो रायवळ.

प्रतिसाद
माझं आजोळ उसाच्या पट्ट्यातलं. लावणीच्या उसाच्या तुकड्याला म्हणतात तसं मामा जास्वंदीच्या काडीलाही ‘टिपरी’च म्हणतो. पेर म्हणजे गाठ, तिच्यावर डोळा, दोन पेरांमधलं ते कांडं. काप पेराच्या लगत खाली घ्यायचा, मुळ्या तिथूनच सहज सुटतात. कोवळा शेंडा पाण्यात सडतो, जून लाकूड महिनोन्‌महिने ढिम्म. हवी ती दोन्हींच्या मधली, जराशी निबर. गवार निबर निघाली की आपण भाजीवाल्याशी भांडतो, इथे मात्र निबरपणाच कामाचा!

प्रतिसाद
फांदीच कशाला? आफ्रिकन व्हायोलेटचं पान देठासकट मातीत खोचलं की देठाच्या टोकाशी पिल्लं येतात. आपल्या पानफुटीला तर देठही लागत नाही, पानाच्या कडेच्या खाचांतूनच रोपं फुटतात. नावातच सगळी कृती आली. व्हायोलेटसाठी मी ‘पानकलम’ म्हणते, कोणी हसलं तरी चालेल.

मूळ प्रश्नकर्ती
‘टिपरी’ मला आवडली, पण आई म्हणते जास्वंदीला ‘फांदी’च बरी. दोनातली एक बुडाशी काळी पडून कुजली. दुसरी मुळ्या दोन बोटं झाल्यावर कुंडीत लावली, हीटरच्या झोतापासून लांब. आता रोज फोनवर एकच प्रश्न, “लागली का?” मी म्हटलं, मुळ्या तर केव्हाच सुटल्यात! त्यावर आई: “मुळ्या सुटणं वेगळं, लागणं वेगळं. नवं पान आलं की म्हण लागली.” आज सकाळी वरचा डोळा हिरवा होऊन जरा फुगलेला दिसला. आईला अजून सांगितलेलं नाही.