मदत हवी आहे : जेलीफिश धरणारी सिलिकॉनची बोटं, चिकटवलेला थर सुटतोय

नमस्कार मंडळी,

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी खोल समुद्रातले नाजूक जीव धरता येतील असा मऊ रोबोटिक पंजा बनवतोय. २०१९ साली हार्वर्डच्या गटाने केलेली रचना समोर ठेवली आहे: नूडलसारखी ६ चपटी सिलिकॉनची बोटं, आत पोकळ नळी आणि एका अंगाला नॅनोफायबरचा (अतिसूक्ष्म तंतूंचा) जरा ताठ थर. नळीत पाणी भरलं की बोट त्या थराच्या बाजूला वळतं. पापणीचा डोळ्यावर जेवढा दाब असतो, त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी दाबात जेलीफिश धरली जाते. धातूच्या चिमट्यात तिच्या चिंध्याच होतात, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं.

आमच्या लॅबमध्ये नॅनोफायबर बनवायची सोय नाही. त्याऐवजी पातळ नायलॉनचं कापड लावलं, पण दाब वाढवला की कडेपासून ते सुटतं आणि तिथे सिलिकॉनचा फुगा येतो. सिलिकॉनला दुसरं काही चिकटवणं मुळातच अवघड. कापड अर्धवट सेट झालेल्या सिलिकॉनमध्ये दाबावं, की आधी प्रायमर (पकड वाढवणारा द्रवाचा हात) लावावा? का विणीचं, ताणलं जाणारं कापडच घ्यावं?

दुसरं म्हणजे नळीत अडकलेली हवा. समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारण एक वातावरण (म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेइतका) दाब वाढतो. पाणी जवळजवळ दबत नाही, पण बुडबुडा आक्रसतो आणि बोटाचं वळण बदलतं. व्हॅक्यूम पंपाशिवाय हवा पूर्ण काढायची खात्रीची पद्धत कुणाला माहीत आहे का?

सिलिकॉनचे साचे ओतणाऱ्यांनी जरूर सांगा. हवे असल्यास फोटो टाकतो.