58 सीसीची स्वस्त चेनसॉ की स्टिल?

दादा, 58 सीसीची बिननावाची चेनसॉ (लाकूड कापायची मशीन) निम्म्या पैशात मिळते तर स्टिल कंपनीची कशाला, असं विचारलंय तुम्ही. नुसत्या सीसीवर, म्हणजे इंजिनाच्या आकारावर, जाऊ नका. स्टिलची एमएस 180 ही 31.8 सीसीचीच, पण बेळगावजवळच्या खानापूरकडं काजूची छाटणी, जळण, सहा-आठ इंची नीलगिरी एवढ्याला पुरते. रोज सागाचे ओंडके पाडायचे असतील तर मात्र कमी पडेल.

स्वस्तातल्या मशीनचे कार्बोरेटर, स्टार्टर, क्लच एकमेकींना बसतात, हे खरंच सोयीचं. दुखणं वेगळंच: कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला इनटेकचा जोड चिरतो, फटीतून जादा हवा जाते, पेट्रोल-ऑइल कमी पडतं आणि पिस्टनवर ओरखडे येतात. थ्रॉटल (रेसचा खटका) सोडूनही आवाज चढाच राहिला तर कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसू नका, आधी तो जोड बघा.

पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल स्टिलला त्यांचंच, लिटर पेट्रोलला 20 मिली. स्वस्तातल्या बहुतेकींना 40. दोघींना एकच कॅन नको! चेनला धार लावायची कानसही वेगळी, 180 ला 4 मिमी आणि 0.325 इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला 4.8 मिमी.

हस्कवर्ना ही दुसरी कंपनीही चांगलीच, फक्त तिची बार (चेन फिरते ती पट्टी) आणि चेन बेळगावात हातोहात मिळते का ते घेण्याआधी विचारा.