आधी डिझेलची लाइन तपासा
तुमची डिझेल पिकअप सकाळी उठत नाही, असं तुम्ही विचारलंय. त्यावर कुणीतरी म्हटलंय की हीटर प्लगच (थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे प्लग) गेले, हे मत मला अर्धंच पटतं. प्लग खराब असतील तर इंजिन तापल्यावर आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं चालणं) सुधारतं. तुमच्या पिकअपचं आयडलिंग तापल्यावरही वरखाली होतं, त्यामुळे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरत असण्याची शंका जास्त.

निफाडच्या थंडीत माझ्या जुन्या डिझेल पिकअपचे चारही प्लग बदलले, फरक शून्य. मग एके सकाळी सेल्फ मारण्याआधी डिझेल फिल्टरवरचा हातपंप (हाताने डिझेल पुढे ढकलणारा) कडक होईपर्यंत दाबला आणि गाडी लगेच उठली! रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरत होतं. फिल्टरपुढे तात्पुरता पारदर्शक पाइप जोडला तर बुडबुडे स्पष्ट दिसले. दोष बँजो बोल्टच्या (डिझेलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याच्या वॉशरचा, तिथूनच हवा शिरत होती. लाइन उघडली की हा वॉशर दरवेळी नवाच टाका.